केरबाच्या उसातला नरभक्षक

लालासाहेब चिटबॉयसाठी केरबाच्या घरी त्या हंगामात कोंबडं कापायची ही तिसरी खेप. शालूबाई चुलीपुढे बसून रस्सा ढवळत होती आणि मधूनच नवऱ्याकडे असं बघत होती, की केरबाला वाटावं, पुढच्या खेपेला ही कोंबड्याऐवजी आपल्यालाच पातेल्यात घालणार.

चिटबॉय म्हणजे कुणी पोरगा नव्हे, बरं का! लालासाहेब पन्नाशीला टेकलेला, मिशा पिकलेल्या, सायकलीवर बसला की गुडघे हँडलला लागायचे. पण साखर कारखान्यात तोडीची चिठ्ठी देणाऱ्याच्या हुद्द्याचं नावच तसं. कुणाच्या उसाला कधी तोड द्यायची, हे ऑफिसात साहेब ठरवायचे आणि रानात लालासाहेब ठरवायचा. थंडी पडली की कराडच्या पट्ट्यातला शेतकरी आधी लालासाहेबाला रामराम घालायचा आणि मग देवाला. गेल्या साली केरबाची पाळी वैशाखात आली होती. ऊस वाळून चिपाड झालेला, वजन निम्म्यावर. तेव्हापासून केरबाने मनाशी पक्कं केलं होतं, की औंदा काय वाट्टेल ते करू, पण तोड लवकर मिळवू.

"लालासाब, घ्या की अजून. पाय घ्या," केरबा आग्रह करत होता.

"बास गड्या, पॉट फुटंल," लालासाहेब म्हणाला आणि पाय घेतला. "तुमचं काम माझ्या ध्यानात हाय. पर अजून टाईम हाय, म्हैनाभर तरी लागंल."

एवढ्यात दारात बैलगाडी थांबली आणि शालूबाईचा धाकटा भाऊ अर्जुना उतरला. एका हाताला ट्रंक, दुसऱ्या हाताला तीन पायांचं तिकाटणं, आणि छातीशी धडुत्यात गुंडाळलेला कॅमेरा. तान्ह्या पोराला धरावं तसा त्याने तो धरला होता.

अर्जुना कोल्हापूरच्या एका स्टुडिओत बरीच वर्षं दिवे उचलत होता. मग कॅमेरे उचलायला लागला. आणि आता सत्तर सालच्या या थंडीत त्याने स्वतःचा सिनेमा काढायचा घाट घातला होता. 'काळखोऱ्यातला नरभक्षक'. किर्र जंगल, वाट चुकलेला शूर शिकारी, अरण्यात वाढलेली कन्या आणि माणसं खाणारा वाघ. पाटणच्या वरचं कोयनेचं रान त्याने हेरून ठेवलं होतं.

"मग हिकडं कसं काय?" केरबाने विचारलं.

"जंगलवाल्यांनी नाट लावला, दाजी. म्हणं, जाळ करायचा न्हाई, बार काढायचा न्हाई, फांदी मोडायची न्हाई, आरडावरडा करायचा न्हाई. मग नरभक्षकानं काय हरिपाठ म्हणायचा?" अर्जुना बहिणीकडे वळला. "आक्का, आबांनी निक्षून सांगितलंय. चैतातल्या जत्रेत गावापुढं पिच्चर दावलं तर ठीक. न्हाई तर कॅमेरा ज्येचा त्येला परत करायचा आन जलमभर म्हशी राखायच्या. माझी म्हशीशी दुश्मनी न्हाई गं. पर मला दुसरं काय सुदरतच न्हाई."

शालूबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आबा म्हणजे त्यांचे वडील. म्हाताऱ्याचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

"दाजी," अर्जुना हळूच म्हणाला, "तुमचा ऊस काय उंच हाय हो! आत शिरलं की दिवसा अंदार. कॅमेरा खाली धरला तर कोण म्हणंल त्येला ऊस?"

केरबाचा नदीकाठच्या मळीतला ऊस खरोखर दृष्ट लागावा असा होता. माणसाच्या खांद्यावर माणूस उभा केला तरी शेंड्याला हात पुरला नसता. त्यात बाहेरची माणसं नाचवायची हे केरबाला मुळीच पसंत नव्हतं. तो तोंड उघडणार तोच शालूबाई पळी हातात घेऊन वळली. केरबाने तोंड मिटलं. विचार केला, महिनाभर तोड नाही. तोवर याचं जंगल उरकेल. आपलं काय जातंय?

"घे बाबा," तो म्हणाला. "जंगल तर जंगल."

हाड चोखण्यात गुंग असलेल्या लालासाहेबाला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं; तो ताट चाटूनपुसून उठला. जाताना शालूबाईला म्हणाला, "वैनी, आसला रस्सा न्हाई खाल्ला. तुमच्यासाटनं कायतरी करायलाच पायजे." हे बोलणं कुणी फार मनावर घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

शूटिंग सुरू झालं. शिकारी म्हणून मानसिंग होता, फौजेतून सुट्टीवर आलेला, छाती दरवाजाएवढी. अरण्यकन्या म्हणून सांगलीच्या नाटक कंपनीतल्या लीलाबाई आल्या. वय विचारायची कुणाची छाती नव्हती. अरण्यात वाढलेली असली तरी नऊवारी आणि नथ सोडणार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. आणि नरभक्षक म्हणून गावातला गुंडा. जत्रेत वाघाचं सोंग घ्यावं तर गुंडानेच. अंगभर हळद, त्यावर तव्याच्या काजळीचे पट्टे, काथ्याची शेपूट. हलगी कडाडली की त्याच्या अंगात वारं शिरायचं आणि तो असा नाचायचा की म्हाताऱ्या त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायच्या. फक्त एक अडचण होती. आयुष्यात गुंडा चार पायांवर कधी चालला नव्हता.

दुसरी अडचण जंगलाची. ऊस असतो सरीत लावलेला, दोरी धरल्यासारखा. मानसिंग वाट चुकून भटकतोय असं दाखवायचं, तर तो सरीतून सरळ चालत थेट पाटावर निघायचा.

"आरं, वाट चुक की!" अर्जुना ओरडायचा.

"कशी चुकू? वाट एकच हाय, आन ती बी सीधी!"

शेवटी त्याला आडवा घुसवला, तेव्हा कूस लागली. उसाच्या पाचटाची ती बारीक लव अंगात शिरली की देवालासुद्धा खाजवायला लागेल. "बर्फात ड्यूटी केली, कवा हूं की चूं केलं न्हाई," मानसिंग कण्हत म्हणाला, "पर ह्यी खाज बर्दाश्तच्या भाईर हाय." तेव्हापासून सिनेमातला शूर शिकारी प्रेमाचं बोलतानाही एका हाताने पाठ खाजवत राहिला. लीलाबाईंची तऱ्हा वेगळी. त्या बोलायच्या ते शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जावं असं. "हे शूर पुरुषा! या घनघोर अरण्यात तू एकटा?" त्यांनी असं विचारलं की पलीकडच्या पट्टीतला माणूस ओरडायचा, "न्हाई बाई, आमी बी हाय हितं!"

केरबाकडे पत्रा धरायचं काम होतं. उसाच्या अंधारात ऊन पाडायला अर्जुनाने घरावरचाच एक पत्रा काढून दाजींच्या हातात दिला होता. सुरुवातीला केरबाला लाज वाटली. पण एके दिवशी कॅमेऱ्याच्या मागे अर्जुनाचा चेहरा त्याने बघितला. एरवी खाली मान घालून बोलणारं ते पोर सगळं जग विसरून एका डोळ्याने उसात बघत होतं. केरबाला वाटलं, पीक बघताना आपण असेच दिसत असू. त्या दिवसापासून तो पत्रा मनापासून धरायला लागला आणि कुणी ऊस मोडला तरी जिभेवर ताबा ठेवू लागला.

असा आठवडा बरा गेला. आणि एका सकाळी लालासाहेब सायकलवरून घंटी वाजवत आला. चेहरा असा, जणू मुलाचं लग्न ठरवून आला होता.

"वैनी, पेढं वाटा! साऱ्यांचा लंबर मागं सारून तुमची तोड म्होरं आणली. उद्या झुंजुमुंजू तोडकऱ्यांची टोळी तुमच्या रानात!"

केरबाच्या हातातला पत्रा खाली पडला. देव देतो ते असं. ज्या तोडीसाठी तीन कोंबडी गेली ती दारात येऊन उभी राहिली होती, आणि घ्यावी तर मेव्हण्याचं जंगल जातंय.

"लालासाब," केरबा चाचरत म्हणाला, "जरा... म्होरल्या आठवड्यात न्हाई का व्हायची?"

लालासाहेबाला आधी कळेना. कळल्यावर त्याची मिशी थरथरली. "केरबा, आरं दुनिया माझ्या पाया पडती, तोड द्या म्हणून. आन तू आलेली तोड माघारी लावतूस? लाव की. मग वैशाखात ये माझ्याकडं, वाळल्या उसाचा खराटा घिऊन!"

केरबाची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली. एका बाजूला वर्षाचं पीक. दुसऱ्या बाजूला शालूबाई. ती पदराने डोळे पुसत उभी राहिली, आणि ते तर फारच वाईट. शेवटी अर्जुनानेच तोड काढली. "दाजी, पीक वाया घालवू नगा. टोळीला रस्त्याकडनं तोडू द्या. मी पाटाकडनं शूटिंग करतो. ती माझ्यापत्तुर यायच्या आत मी उरकतो."

झालं! दुसऱ्या दिवसापासून एका अंगाने कोयते आणि दुसऱ्या अंगाने कॅमेरा. आता कोयत्याची आणि कॅमेऱ्याची शर्यत लागली तर कोण जिंकणार, हे काय सांगायला पाहिजे? टोळीतली माणसं वाऱ्यासारखी चालली होती. जंगल सकाळी होतं त्याच्या निम्मं दुपारी. मागे उसाने भरलेल्या गाड्या दिसायला लागल्या तेव्हा अर्जुनाने कथेत दुष्ट सरदाराची फौज घातली. कारखान्याचा भोंगा झाला की लीलाबाई दचकायच्या, म्हणून त्या दचकण्यात त्याने राक्षस घातला. गावातल्या बाया म्हशींना उसाच्या शेंड्यांचं वाडं न्यायला थेट जंगलात यायच्या. एकदा तर वाघ दबा धरून बसलेला असताना त्याच्या पाठीमागून लालासाहेब सायकल चालवत गेला आणि कॅमेऱ्याकडे बघून त्याने टोपी सारखी केली.

"काढून टाक की ते," केरबा म्हणाला.

"फिलीम न्हाई दाजी. जे काढलं ते ऱ्हायलं," अर्जुना म्हणाला.

होता होता जंगल अंगणाएवढं उरलं आणि शेवटचा प्रसंग राहिला. नरभक्षक झेप घेतो, अरण्यकन्या मूर्च्छित पडते, शिकारी वाघाशी झुंजतो. बास, एवढं झालं की सिनेमा पुरा. टोळीच्या मुकादमाच्या हातापाया पडून केरबाने तेवढा तुकडा दुपारपर्यंत राखून घेतला. लीलाबाई, मानसिंग आणि गुंडा आत शिरले. अर्जुनाने बाहेर कॅमेरा रोखला. केरबाने पत्रा धरला.

पण एक गोष्ट सगळेच विसरले. ऊस तुटत जातो तशी आतली जनावरं आतआत सरकतात. ससे, मुंगसं, रानमांजरं, नशीब असेल तर डुक्करसुद्धा, सगळी त्या शेवटच्या तुकड्यात गोळा होतात. म्हणून शेवटचा तुकडा राहिला की अख्खा गाव काठ्या आणि कुत्री घेऊन भोवती कडं करतो आणि हलगी बडवून आतलं बाहेर काढतो. ही रीत कुणी कुणाला सांगावी लागत नाही. अर्जुनाने डोळा कॅमेऱ्याला लावला तेव्हा गाव जमायला लागला होता. त्याने तो बाजूला घेतला तेव्हा कडं पुरं झालं होतं.

"आवं, थांबा! आत मान्सं हायती!" केरबा ओरडला.

"तर मग लय मोठं सावज हाय!" कुणीतरी उलट ओरडलं आणि हलगी कडाडली.

आधी ससा सुटला. त्याच्यामागे कुत्री सुटली. आणि ठरल्याप्रमाणे नरभक्षक झेप घेऊन बाहेर आला, पण कानावर हलगी पडली आणि गुंडा वाघ असल्याचं विसरला. तो दोन पायांवर उभा राहिला, कमरेवर हात ठेवले आणि खांदे उडवत असा नाचायला लागला, की गावाने काठ्या टाकून शिट्ट्या मारल्या. शूर शिकारी त्याच्याशी झुंजायला धावला तेव्हा कुत्र्यांना वाटलं, सावज हेच. मानसिंग पळाला. सीमेवर पाठ न दाखवलेला तो गडी उसाच्या भरल्या गाडीवर चढला आणि मोळ्यांवर बसून राहिला. लीलाबाई मूर्च्छित पडल्या, पण मुंगूस अंगावरून गेल्यावर उठून इतक्या वेगाने गेल्या की नथ पाचटात राहिली. अर्जुना मात्र कॅमेरा फिरवतच होता. फिल्म संपल्याचा आवाज झाला तेव्हा त्याने मान वर केली. जंगल संपलं होतं.

चैतात आबांच्या गावच्या जत्रेत तंबू लागला. शालूबाई नवी साडी नेसून आली होती, पण तोंडात घास गेला नव्हता. आबा पहिल्या रांगेत सतरंजीवर बसले, काठी मांडीवर आडवी. चेहऱ्यावरची सुरकुती हलत नव्हती.

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर किर्र अंधार, खडखड वाजणारी पानं, त्यातून वाट काढणारा शिकारी. तंबू चिडीचूप. केरबाला वाटलं, जमलं गड्या! तेवढ्यात मागून एक आवाज आला.

"आयला, ह्यो तर ऊस हाय!"

"व्हय की! आन कसला ऊस! पेरं बघ, मनगटागत!"

"खत काय घातलं आसंल रं?"

मग कुणाला शिकारी दिसेना की कन्या. शेकडो शेतकरी पीक बघायला लागले. लीलाबाई टाहो फोडत होत्या आणि लोक ओरडत होते, "बाई, जरा बाजूला सरा, मागचा ऊस दिसू द्या!" लालासाहेब सायकलवरून आला तेव्हा तंबूत टाळ्या पडल्या. फौज म्हणून गाड्या आल्या तेव्हा लोकांनी बैलांची नावं घेतली. शिकारी पाठ खाजवायला लागला की सगळा तंबू खाजवायला लागला. भयाने गाळण उडावी म्हणून काढलेला सिनेमा, आणि माणसं पोट धरून लोळत होती.

अर्जुना केव्हाच उठून गेला होता. केरबाला तो तंबूच्या मागे सापडला, गुडघ्यांत डोकं घालून बसलेला.

"दाजी, कॅमेरा माघारी दिऊन येतो उद्या," तो म्हणाला. "ल्योक हसं करून आला म्हणतील आबास्नी."

केरबा शेजारी टेकला. पोराच्या पाठीवर हात ठेवत तो म्हणाला, "आर्जुना, मला पिच्चरमदलं कळत न्हाई. पर येक सांगतो. माझा ऊस मी जलमभर बघतोय. पडद्यावर बघितला तवा मलाच वाटलं, एवढं सोनं आपल्या रानात हुतं व्हय! त्ये तू दावलंस. आन ऐक जरा, आतलं एक बी माणूस उठून गेल्यालं न्हाई."

आतून हलगीचा आवाज आला. पडद्यावर गुंडा नाचत होता आणि जत्रेतला हलगीवाला न राहवून खऱ्या हलगीवर साथ देत होता. शेवट झाला. लोकांनी दिवे लावू दिले नाहीत. वाघ परत दाखवा, ऊस परत दाखवा म्हणून गलका झाला, आणि ते दोन्ही परत दाखवावे लागले.

दिवे लागले तेव्हा लालासाहेब एका बुशकोटवाल्या साहेबाला घेऊन पुढे आला. "आमच्या कारखान्याचं शेतकी अधिकारी. म्या म्हनलं, मी पडद्यावर हाय, तर सायबास्नी दावाय नगो?"

"हे कुणी काढलं?" साहेबाने विचारलं. शालूबाईने भावाला पुढे ढकललं.

"अहो, गावोगाव दाखवायला आम्हाला ऊस लागवडीवर सिनेमा पाहिजे. मागं एकाला सांगितलं होतं, त्यानं ऊस असा काढला की लोक म्हणाले गवत आहे. तुम्ही जंगल काढायला गेलात तरी ऊसच दिसतोय! आमच्यासाठी काढाल का? लागणीपासून तोडीपर्यंत."

अर्जुनाने आधी हात जोडले. मग घसा खाकरून म्हणाला, "काढीन की साहेब. पर... त्येच्यात थरार कसला?"

"थरार?" साहेबाने जरा विचार केला. "खोडकिडा आहे की. रात्रंदिवस आतून पोखरतो, वरून कळतसुद्धा नाही."

अर्जुनाचे डोळे हळूहळू मोठे झाले. "आतनं पोखरतो," तो पुटपुटला. "वरनं कळत न्हाई. आरं तिच्या! ह्यो तर नरभक्षकापरास खतरनाक!"

सगळे आता आबांकडे बघायला लागले. शालूबाईने केरबाचं मनगट घट्ट धरलं. म्हातारा काठी टेकत उठला, लेकासमोर येऊन उभा राहिला. 

"म्हशीला कुणी बी माणूस मिळंल," आबा म्हणाले. "किड्याला एवढं घाबरणारं येडं दुसरं न्हाई गावायचं." अर्जुना पाया पडायला वाकला तसं त्यांनी त्याला दंडाला धरून वर उठवलं, इकडेतिकडे बघितलं, मिशीवरून हात फिरवला आणि आवाज खाली आणला. "आन ह्ये बघ, उसाची लागण दावायची म्हंजे येखादं जाणतं म्हातारं लागंलच की बांधावर. मी कुठं हुबं ऱ्हायचं, तेवढं आत्ताच सांगून ठेव."